राजा आणि तळघरातला व्हॉल्व्ह

हाउकिलाम्पीला नाट्यगृह असं नाही.
अग्निशमन दलाची जुनी लाकडी इमारत आहे,
बंब शहरात गेला, त्याची जागा रंगमंचाला मिळाली.
खुर्च्या चौऱ्याऐंशी. त्यातल्या दोन
खांबामागे, त्या अर्ध्या किमतीत.
मी कायम खांबामागे बसतो:
उजवीकडे वाकलो की राणी दिसते, डावीकडे राजा,
आणि दोघं एकमेकांच्या जवळ आली
की मधलं सगळं मलाच रचावं लागतं.

यंदा फेब्रुवारीत त्यांनी जुनं नाटक काढलं.
जुनं म्हणजे इतकं जुनं, की लिहिणाऱ्याने
आयुष्यात बर्फ पाहिला होता की नाही कोण जाणे.
शेवट सगळ्यांना पाठ. राजा मरतो.
तरी तिकिटं संपली,
तरी बाहेर उणे तेवीस असताना
आम्ही कोट टांगले, मध्यंतराच्या कॉफीचे पैसे आधीच भरले
आणि तिसऱ्या घंटेला
आजाऱ्याच्या खोलीत शिरावं तसे गप्प झालो.

राजा म्हणजे तौनो केत्तुनेन. नळकाम करतो.
माझ्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून
त्याने ज्या तोंडाने तोटीला शिव्या घातल्या
त्याच तोंडाने आता देवांना घालत होता.
दाढी लोकरीची, डाव्या कानापाशी गोंद सुटलेला.
मुकुट राइयाने केकच्या साच्यातून कापलाय
हे गावाला ठाऊक आहे.
आणि तरीही, कसं सांगू,
त्याने मेलेल्या मुलाला हाक मारली
(मुलगा म्हणजे ग्रंथालयातला योउनी,
श्वास रोखून लालबुंद)
तेव्हा पहिल्या रांगेतल्या शाळेच्या बाईंनी
मांडीवरची पिशवी घट्ट धरली,
जणू कुणी ओढतंय.

शेवटच्या स्वगतात तो थांबला.
मधेच. वाक्याच्या पोटात.
मान कलली. नजर जमिनीला.
खाली कुठेतरी
टक.
टक.
लांबून कुणी काठी टेकत यावं तसं.
मला खांबाआडून फक्त त्याचा कान दिसत होता,
आणि त्या कानात, शपथेवर सांगतो,
मरण शिरताना मी पाहिलं.

प्रयोगानंतर उरलेल्या कॉफीपाशी मी म्हटलं,
"तौनो, ती शांतता!"
दाढी खिशात कोंबत तो म्हणाला,
"तळघरातला व्हॉल्व्ह चाललाय.
रविवारी बघतो, नाहीतर पाइप फुटेल."

रविवारी बघितला. साडेतीन तास, एक पैसा न घेता.

पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा गेलो.
सभागृह उबदार, कोरडं, निमूट.
स्वगत सरळ शेवटाला पोचलं,
एक शब्द चुकला नाही.
राजा मेला, टाळ्या झाल्या,
आणि तळ्याकाठच्या रस्त्याने घरी जाताना
आम्ही सगळे
स्टेशनवर कुणी उतरलंच नाही
अशा चेहऱ्यांनी चालत होतो.

शेवटचा प्रयोग मार्चात. तळं अजून टणक.
स्वगत आलं, अर्ध्यावर आलं, आणि
टक.
तौनो दचकला. राजा नाही, नळकामवाला दचकला:
स्वतःच्या हाताने आवळलेला पाइप!
टक.
मग दोघांचा मिळून एकच चेहरा झाला,
आणि तो चेहरा इतका वेळ ऐकत राहिला
की माझ्या शेजारच्याने खिशातली गोळी
चघळायची थांबवली.

पडदा पडल्यावर कळलं.
प्रॉम्प्टरच्या खड्ड्यात सिर्क्का-लीसा, वय एक्क्याऐंशी,
चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजणारी,
फलकावर जिचं नाव सगळ्यांत खाली,
कॉफीच्या चमच्याने पाइप वाजवत होती.

तौनो तिच्यावर खेकसायला वाकला,
दाढी अर्धी लोंबत.
"वाक्यं तुला येतात रे," ती म्हणाली,
"थांबायचं विसरतोस."
मग चमचा स्कर्टला पुसला,
वर यायला हात पुढे केला,
आणि विचारलं, वेलचीचा पाव
उरलाय का एखादा.